ढेपेच्या पोत्यात काय आहे, ते कळू द्या

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

अधिवेशनासाठी आपण नागपुरात आहात, म्हणून हे पत्र मुंबईला न धाडता इथेच लिहितो. मी कुही तालुक्यातला. चार गाई, दोन कालवडी, एक गोऱ्हा आणि थोड्या शेळ्या, एवढा माझा पसारा. दुधाच्या भावाचं गाऱ्हाणं आपल्यापुढे रोज येत असेल, ते मी सांगत नाही. वासरांच्या खुराकाबद्दल मात्र कोणी बोलत नाही. गाय दूध देते म्हणून ढेप, म्हणजे तेल काढल्यावर उरलेली पेंड, तिच्यापुढे, वासरू नुसतं कुटार चघळतं, आणि मग कालवड साडेतीन वर्षांची होऊनही माजावर येत नाही.

गेल्या पावसाळ्यात ठरवलं, यंदा लहान कालवडीला चांगलं खाऊ घालायचं. तयार खाद्याचं पोतं आणलं. वर छापलेलं, प्रथिने 20 टक्के. कालवड चार महिन्यांची. पंधरा दिवसांत तिचं पोट मडक्यासारखं झालं, केस राठ, तोंडाला लाळ. खाद्य तपासून घेतलं तर अहवालात प्रथिने 21 टक्के. दुकानदार म्हणतो, "पाहा भाऊ, एक टक्का जास्तच दिला!"

गुरांच्या डॉक्टरांनी तो कागद पाहून एकच विचारलं, युरिया तपासला का? तेव्हा उलगडा झाला. प्रयोगशाळा प्रथिनं थेट मोजत नाही. प्रथिनांत असतं ते नत्र (नायट्रोजन) मोजते आणि त्याला 6.25 ने गुणते. युरियात नत्र 46 टक्के, म्हणजे किलोभर युरिया कागदावर पावणेतीन किलोंहून जास्त प्रथिनं दाखवतो. मोठ्या गाईच्या पोटातले जंतू थोड्या युरियाचं सोनं करतात. लहान वासराचं ते पोट अजून पुरतं तयार झालेलं नसतं, त्याला ते बाधू शकतं. दुसऱ्या तपासणीत युरिया निघाला. पोत्यावर त्याचा उल्लेख नव्हता, हे खाद्य कोणत्या वयाच्या जनावराचं तेही नव्हतं. कालवड वाचली, पण वाढीचे दोन महिने गेले.

आता पर्यायी प्रथिनांच्या योजना निघतात, त्यात अझोला, पाण्यावर तरंगणारी बारीक वनस्पती, सगळ्यांची लाडकी. मीही टाकी बांधली. ओल्या अझोल्यात शेकडा 93 ते 95 भाग पाणीच. किलोभर अझोल्यातून प्रथिनं मिळतात जेमतेम 12 ते 15 ग्रॅम, आणि सरकीची ढेप किलोला 220 ग्रॅमच्या आसपास देते. हिशेब आपणच करा. शिवाय मे महिन्यात नागपूरच्या उन्हात ती टाकी हिरवी ठेवून दाखवणाऱ्याचा मी जाहीर सत्कार करीन.

सरकी आपल्या घरची, विदर्भ कापसाचाच. रात्री भिजत घातलेली ढेप सकाळी फुगून टोपलं भरते, गाय दावणीत घातल्याबरोबर तोंड खुपसते. पण तिच्यात गॉसिपॉल नावाचं सरकीतलं विषारी द्रव्य असतं. मोठं जनावर ते पचवतं, दूधपित्या वासराला ते बाधतं. हे दुकानात कोणी सांगत नाही. जवसाची ढेप वासरांना मानवायची असं आजी म्हणायची. या भागात जवस पिकायचा, नागपूरच्या कृषी महाविद्यालयातून त्याच्या एनएल 97 सारख्या जातीही निघाल्या. आता जवसाची ढेप शोधावी लागते.

आणि नवा माल म्हणजे डीडीजीएस, मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरतो तो. स्वस्त आहे, प्रथिनं तीसेक टक्के. पण मक्यातला स्टार्च निघून गेला की बाकीचं सगळं जवळपास तिपटीने दाटतं, बुरशीचं विष अफ्लाटॉक्सिनसुद्धा. दुसरी अडचण आमच्याच घरातली: डीडीजीएसने सोयाबीनच्या डीओसीची (तेल काढलेल्या पेंडेची) मागणी खाल्ली, आणि सोयाबीनही आम्हीच पेरतो. 2025-26 चा हमीभाव होता क्विंटलला 5328 रुपये, मोंढ्यात तेव्हा त्याच्या खालीच बोली होती. गोठ्यात वाचलेले पैसे शेतात गेले. याचं उत्तर माझ्याकडे नाही, पण ठरवताना शेती आणि पशुसंवर्धन, दोन्ही खाती एका टेबलावर बसावीत.

मागणं एवढंच. अझोल्याच्या नव्या टाक्यांच्या अनुदानाआधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात खाद्याचा नमुना घ्यायची सोय करा. युरिया आणि अफ्लाटॉक्सिन, दोनच तपासण्या, परवडेल अशा दरात, आठवड्यात निकाल. पोत्यावर युरिया किती आणि कोणत्या वयाच्या जनावराला चालेल, हे मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरात छापणं सक्तीचं करा. पशुवैद्यक महाविद्यालय सेमिनरी हिल्सला आहे, विधानभवनापासून गाडीने दहा-पंधरा मिनिटं. सभागृह तहकूब झालं की जाऊन या.

त्या पोत्यातलं दोन किलो खाद्य मी डब्यात राखून ठेवलं आहे. कोणाकडे द्यायचं तेवढं कळवा, घेऊन येतो.

आपला,
कुही तालुक्यातला एक पशुपालक