आई-बाबांना पत्र : नव्या ओट्याची निगा

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

परवा आईने फोनवर सांगितले की, सिंकच्या बाजूच्या नव्या ओट्यावर हळदीचे डाग पडले आहेत आणि राख व तारेच्या घासणीने घासूनही ते निघत नाहीत. त्या वेळी घाईत सगळे बोलता आले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. सर्वांत आधी एक विनंती करते : राख आणि तारेची घासणी आजपासून त्या ओट्याला लावू नका. जुना ओटा कडप्प्याचा होता, त्याला ती चालत असे. हा ओटा मात्र आतून प्लायवूडचा असून त्यावर जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा सनमायका चिकटवलेला आहे. रेझिनमध्ये भिजवलेल्या तपकिरी कागदाचे थर, त्यांवर नक्षीचा कागद आणि सर्वांत वर मेलामाइनचे पारदर्शक आवरण, असे सारे उष्णता व प्रचंड दाब देऊन एकजीव केलेले असते. डाग अडवण्याचे काम ते वरचे पातळ आवरणच करते. ते एकदा खरवडले गेले की पॉलिश करून परत येत नाही, आणि त्या बारीक ओरखड्यांत हळद अधिकच रुतून बसते.

वसमतकडे आपण स्वयंपाकात हळद हात न राखता वापरतो, तेव्हा डाग पडणारच. खाण्याचा सोडा पाण्यात दाटसर कालवून डागावर दहा मिनिटे ठेवावा आणि मऊ ओल्या फडक्याने अलगद पुसून घ्यावा. त्यानंतरही फिकट पिवळेपणा उरला तर घासत बसू नये, कारण हळदीचा रंग उजेडाने उडतो आणि पूर्वेच्या खिडकीतले ऊन त्या कोपऱ्यावर रोज पडतेच. आई, गुडघे दुखत असताना तिथे उभे राहून जोर लावण्याची काहीच गरज नाही.

मला खरी काळजी डागांपेक्षा पाण्याची वाटते. सनमायक्याच्या पृष्ठभागातून पाणी सहसा आत जात नाही. ते शिरते कडेतून, दोन तुकड्यांच्या सांध्यातून आणि सिंकच्या भोवतालच्या फटीतून. तिथे रात्रभर ओले फडके पडून राहिले किंवा धुतलेल्या भांड्यांचे पाणी साचले, तर आतले लाकूड फुगते, पांढरा गोंद सैल होतो आणि सनमायका कडेला उचलला जातो. फुगलेले लाकूड वाळले तरी पूर्वीसारखे सपाट होत नाही. म्हणून रात्री भांडी आवरल्यावर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकून ओटा पुसावा, मग साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढावा आणि शेवटी कोरड्या फडक्याने कडा आणि सिंकचा घेर आवर्जून टिपून घ्यावा. बोअरच्या पाण्याचे पांढरे चट्टेसुद्धा यामुळे धरणार नाहीत, कारण पाणी जागेवर वाळले तरच त्यातले क्षार मागे राहतात. जुने चट्टे असतील तर पाण्यात लिंबू पिळून त्याने पुसावेत आणि लगेच साध्या पाण्याचे फडके फिरवावे.

भाकरीचा तवा चुलीवरून थेट ओट्यावर ठेवू नका. ज्वारीच्या भाकरीसाठी तवा इतका तापतो की वरचे आवरण पांढरे पडते, कधी फोड येतो, आणि खालचा गोंद मऊ होऊन सुटतो. तो डाग कशानेही निघत नाही. तवा, कुकर आणि उकळत्या वरणाचे पातेले यांच्यासाठी लाकडी अडणी हाताशी ठेवा. भाजी पाटावरच चिरावी, हे वेगळे सांगायला नको.

बाबा, संडास साफ करण्याचे ॲसिड डागांसाठी तुम्ही आणणार असल्याचे आई म्हणाली. कृपा करून ते स्वयंपाकघरात आणू नका. त्याने सनमायक्यावर कायमचे व्रण पडतात, आणि ते चुकून ब्लीचमध्ये मिसळले गेले तर क्लोरीनचा विषारी वायू तयार होतो. तुमच्या दम्याला तो सोसणार नाही.

सिंकच्या मागच्या बाजूला कडेवर बोट फिरवून पाहा. कुठे फुगवटा किंवा फट लागली तर सुताराला बोलावून, जागा पूर्ण कोरडी झाल्यावरच, सिलिकॉन भरून घ्या. हे काम पावसाळ्याआधी झालेले बरे, कारण नंतर दमट हवेत आतले लाकूड लवकर वाळत नाही. सुताराचे पैसे मी पाठवते. फट किती लांब आहे तेवढे मात्र मोजून कळवा.

तुमची मुलगी