बाबा, यंदा पंखा बंद करू नका

पुणे, २ मार्च

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

गेल्या मे महिन्यातली अकोल्याची एक रात्र माझ्या डोक्यातून जात नाही. दोन वाजता पाणी प्यायला उठले, तर बाबा, तुम्ही हॉलमध्ये फरशीवर ओला पंचा अंगावर टाकून पडला होता आणि पंखा बंद. "आता पहाट होईलच, कशाला उगाच बिल," म्हणालात. भिंतीला हात लावला तर ती तेव्हाही गरम.

सगळा त्रास स्लॅबचा आहे. दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर तीच उष्णता खाली सोडतो. गच्चीला पांढरा चुना मारला की बरंचसं ऊन वरच्या वर परत जातं. चुन्यात फेव्हिकॉल मिसळून दोन हात दिले, तर उन्हाळाभर टिकतो. पेंटरशी मी बोलले आहे. तुम्ही शिडीवर चढायचं नाही, एवढं मात्र ऐका.

दुसरं पंख्यांचं. आपले जुने पंखे ७५ वॅटचे. अठरा तास चालला, तर एक पंखा महिन्याला ४० युनिट खातो. नवे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचे पंखे ३० वॅटच्या आसपास चालतात, म्हणजे १६ युनिट. हॉल आणि तुमची खोली, दोन्ही मिळून महिन्याला ४८ युनिट वाचतात. १०० युनिटच्या पुढे दर कसा चढतो, ते बिल माझ्यापेक्षा तुम्हीच बारकाईने वाचता. मग पंखा रात्रभर चालू द्या ना, बाबा. या वयात उन्हाळ्यात झोप मोडणं परवडणारं नाही. दोन्ही पंखे पाठवले आहेत. वायरमनला जुना रेग्युलेटर काढून थेट जोडणी करायला सांगा, रेग्युलेटरवर हे पंखे चालवायचे नसतात. आई, रिमोट हरवेल म्हणून घाबरू नकोस, दोरी बांधून देवघराशेजारच्या खिळ्याला अडकव.

कूलरच्या ताट्या बदलून घ्या. क्षार धरलेल्या ताटीतून वारा येत नाही, मोटार मात्र तेवढीच वीज खाते. आणि कूलर लावल्यावर समोरची खिडकी उघडी हवी. सगळं बंद केलं की घर नुसतं दमट होतं.

फ्रिज रात्री बंद करणं सोडा. त्यात बचत नावाला होते आणि दूध नासतं. दाराच्या रबरात नोट धरून बघा. सहज निघाली तर रबर बदलायला हवं.

सोलरचं शेजारचे काका म्हणत होते. तीन किलोवॅटला ७८,००० रुपये केंद्राचं अनुदान आहे, पण आधी बिल किती उतरतं ते पाहू.

पेंटर येत्या गुरुवारी सकाळी सातला येईल. आई, कुरडया त्याच्या आधी घालू नकोस. चुना नीट वाळू दे, तोवर गच्ची मोकळी लागेल. गहू भिजत घातले असशील, तर आजच फोन कर, मी त्याला पुढची तारीख देते.

तुमची,
मनू