गिलास मी धरायचो

३० सप्टेंबर २०२३
आपलं नवं गाव, जि. धाराशिव

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

आज पहाटे तीनलाच जाग आली. दर वर्षी या तारखेला येते. ओट्यावर येऊन बसलो. तीन छप्पन, भूकंपाची ती वेळ, उलटून गेली, तेव्हा आत आलो आणि कागद घेतला. परवा फोनवर तू जे विचारलंस त्याला मी धड उत्तर दिलं नाही, ते मनाला टोचत होतं.

तू विचारलंस, त्र्याण्णवच्या भूकंपानंतर त्या मिशनच्या सिस्टर आपल्या गावात एवढे महिने राहिल्या, त्यांनी कुणाला बाटवलं का रे? तू विचारलंस याचं वाईट वाटलं नाही. तू तिसऱ्या दिवशी आलास, काकूंना शेतातल्या आखाड्यावरून उचललंस आणि पुण्याला घेऊन गेलास. पुढचं तुला कुणी सांगितलंच नाही. म्हणून आधी उत्तर देतो: कुणालाही नाही. एकाही घराला नाही. पण एवढं सांगून थांबलो तर ते अर्धंच होईल. उरलेलं मी तीस वर्षं कुणाजवळ बोललो नाही.

ती रात्र तुला सांगत बसत नाही. गणपती बुडवून लोक दमून झोपले होते. किल्लारीच्या बाजूला १९९२पासूनच जमीन गुरगुरत होती, लोक भिऊन बाहेर झोपायचे, मग पाऊस आला की पुन्हा आत जायचे. आपल्याकडंही तसंच. तुझे दादा दर वर्षी मिरगाच्या आधी माळवदावर पांढरी माती टाकायचे, आठवतं? गळू नये म्हणून पाटीवर पाटी. प्रत्येक पिढीनं टाकली. त्या मातीचं केवढं ओझं डोक्यावर घेऊन आपण झोपत होतो, हे कुणाला सुचलं नाही. भिंती दोन-अडीच हात रुंद, पण आतल्या आणि बाहेरच्या थराला एकमेकांचा आधार नाही, मध्ये नुसते दगडगोटे आणि पावसानं भिजलेला चिखल. ६.४ रिश्टरचा धक्का बसला तशा त्या पोटातून फुटल्या. लातूर आणि उस्मानाबाद मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली म्हणतात. आपल्या गावात नंतर घरांच्याच तुळया ओढून काढून सरण रचलं. पाऊस थांबत नव्हता. लाकूड पेटेना. ते तू पाहिलंस.

सिस्टर पाचव्या दिवशी आल्या. एक ट्रक, एक जीप, ट्रकला कारितासचा, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मदत संस्थेचा, कापडी फलक. सोबत सोलापूरकडचे एक फादर आणि चार बायका. रस्त्याला तेव्हा बघ्यांची ही गर्दी. गावोगावाहून लोक गाड्या करून पडझड बघायला यायचे, त्यांच्यामुळं मदतीच्या गाड्या अडकायच्या. त्यामुळं आधी वाटलं, हेही बघायलाच आलेत. पण त्यांनी चिखलात पाल ठोकलं आणि मोठ्या सिस्टरनं पहिली गोष्ट विचारली ती अशी, 'जखमवाले माणूस कुठं आहेत?' केरळची बाई. 'माणूस आहेत' म्हणायची आणि 'बायका आहे' म्हणायची. पोरांनी तिला दोन महिन्यांत सुधरवलं.

माझ्या वडिलांचा, आप्पांचा, पाय तुळईखाली सापडला होता. सोलापूरला नेलं, तिथं व्हरांड्यातही जागा नव्हती, पट्टी बांधून परत पाठवलं. जखम चिघळली. त्या सिस्टरनं दीड महिना रोज सकाळी येऊन ती धुतली. पू काढायची, सडलेलं कापायची, नाकाला पदर लावायची नाही. आप्पा दात आवळून पडून राहायचे. पाय तिच्या हातात द्यायचे, पण गोळी घ्यायची वेळ आली की तोंड भिंतीकडं फिरवायचे. भिंतीकडं म्हणजे पत्र्याकडं. तिच्या हातचं पाणी चालत नव्हतं. गळ्यात तुळशीची माळ, आणि ही ख्रिस्ती बाई, शिवाय तिनं दलित वस्तीत जाऊन सगळ्यांची जखम धुतलेली. पहिल्या दिवशीच तिच्या लक्षात आलं. तिनं मागं वळून मला म्हटलं, 'गिलास तू धर.'

तेव्हापासून गिलास मी धरायचो. ती गोळी माझ्या तळहातावर ठेवायची, मी आप्पांच्या तोंडात घालायचो, पाणी पाजायचो. तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. मीच खाली बघायचो. चोवीस वर्षांचा होतो, डीएड झालेला, पोरांना समतेचे धडे शिकवणारा मास्तर. 'आप्पा, हे बरं नाही' एवढी चार अक्षरं माझ्या तोंडातून निघाली नाहीत. माय गेलेली, आजी गेलेली, आप्पांना दुखवायचं धाडस नव्हतं, असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे मला ते सोयीचं होतं.

एकदा शिधावाटपाच्या रांगेत मी अडकलो, तासाभरानं आलो. बघतो तर ती आप्पांच्या शेजारी पोत्यावर बसलेली, गोळी तशीच तिच्या मुठीत. दुसऱ्या पालांत माणसं तिची वाट बघत होती, तरी ती उठली नव्हती. गोळी वेळेवर गेली पाहिजे, आणि पाणी मी दिलं पाहिजे. दोघंही गप्प. मी आलो तशी तिनं मूठ उघडली. गोळी घामानं ओली झाली होती.

मित्रा, हे लिहितानाही हात थरथरतो.

जुन्या गावातल्या वेगवेगळ्या पंगती तुला आठवतातच. भूकंपानंतरचं सांगतो. पहिले आठ दिवस कुणाला जात आठवली नाही, एकाच कढईतली खिचडी सगळ्यांनी खाल्ली. मग पत्र्याचे शेड आले आणि शेडच्या रांगा आपोआप वेगळ्या झाल्या. कुणी ठरवलं नाही, पण झाल्या. सिस्टरांची चूल मात्र एकच राहिली. आपली काही जुनी माणसं तिथं यायची बंद झाली. सिस्टर भांडल्या नाहीत. फक्त वस्तीसाठी वेगळी चूल पेटवा, असं जेव्हा आपल्यातलेच दोघं सांगायला गेले तेव्हा फादरनी हात जोडून नाही म्हटलं. 'शिधा घरी नेऊन देतो, पण चूल दुसरी करणार नाही.' तसंच केलं. ज्यांना नको होतं त्यांच्याकडं डाळ-तांदूळ पोचवला, आणि कढई एकच ठेवली.

मी अलीकडं जरा वाचत असतो. १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात जाऊन भुकेल्या बायका-पोरींना केडगावला घेऊन आल्या. त्याच्याही आधी आपल्या जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवलं, ब्राह्मण घरातला माणूस, आणि जमला कुणाशी तर ज्यांना गावाबाहेर ठेवलं होतं त्यांच्याशी. तिथं धर्मांतरं झाली, हे लपवायचं कारण नाही. लोकांनी नव्या देवाबरोबर काय धरलं आणि गावानं त्यांना आधी काय नाकारलं होतं, हे दोन्ही एकत्र बघावं लागतं. ते बघायला मला माझ्या हातातल्या गिलासानं शिकवलं.

आता वहीबद्दल. सिस्टरजवळ दोनशेपानी वही होती. संध्याकाळी ती प्रत्येक पालात जायची आणि विचारायची, कोण गेलं? तलाठी पंचनामा करून गेलेच होते, पण ते मदतीच्या हिशेबाचं. ही नाव विचारायची, वय विचारायची, आणि मग, काय आवडायचं. कुणी म्हणे, माझ्या पोराला भज्याचा नाद होता. कुणी म्हणे, सासू रागीट होती पण कीर्तनात रडायची. मला सोबत घ्यायची, कारण आपली आडनावं तिला कळत नसत. ती सगळं मल्याळीत लिहायची, त्या गोल गोल अक्षरांत. आपल्या गावची सगळी मेलेली माणसं त्या अक्षरांत जाऊन बसली. बारशाआधी गेलेली तीन लेकरं होती. त्यांना नाव नव्हतं तर तिनं आयांची नावं घालून लिहिलं, अमकीचं बाळ.

रात्री पालात त्या चौघी प्रार्थना करायच्या तेव्हा ती वही वाचायची. गावात कुजबूज झाली. आपल्या माणसांची नावं त्यांच्या देवापुढं कशाला? चावडी तर राहिली नव्हती, लिंबाखाली बैठक बसली. सिस्टर आली, म्हणाली, 'तुम्ही नको म्हटलं तर वाचणार नाही.' बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सुताराची विधवा उठली. चारही लेकरं गेलेली बाई, भूकंपापासून एक शब्द बोलली नव्हती. म्हणाली, 'वाचू द्या. दिसातनं एकदा तरी कुनी नाव घेतंय.' बैठक तिथंच उठली.

बियाण्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. रस्त्याच्या कडेला दान आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते, कुणी हात लावत नव्हतं, पावसात कुजत होते. आणि रब्बीचे दिवस निघून चालले होते. बैल मेलेले, औतं ढिगाखाली, माणसांत जीव नाही. सिस्टर शेतकऱ्याच्या घरची. तिनं फादरच्या मागं लागून घोंगड्यांऐवजी ज्वारीचं बी मागवलं आणि भाड्यानं ट्रॅक्टर आणला. 'पेरा गेला तर वर्ष गेलं' हे तिला कुणी शिकवायला लागलं नाही. लोक आधी चिडले, दिवस घालायचे राहिलेत आणि ही पेरा म्हणते. पण एक पेरायला गेला, मग दुसरा गेला. त्या माघात कणसं हातात आली तेव्हा गावानं पहिल्यांदा मोकळं रडून घेतलं.

घरांचं थोडक्यात लिहितो. बावन्न गावं दुसरीकडं उठवून बसवली, त्यात आपलं एक. जमिनीप्रमाणं अ, ब, क वर्ग केले, अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची घरं. सरळ रेषेत रुंद रस्ते, शहरासारखे. गोठ्याला जागा नाही, शेजारीण हाकेच्या अंतरावर नाही. लोकांना दगडाची एवढी धास्ती की जुन्या गावातला एक चिरा कुणी आणू देईना. मिशनबरोबर बांधकामाचे एक ब्रदर होते. त्यांनी आपल्या गवंड्यांना गोळा करून एक खोली दगडातच बांधून दाखवली, भिंतीच्या आरपार जाणारे लांब जोडदगड घालून आणि वर सिमेंटचा पट्टा फिरवून. 'दगडानं मारलं नाही, बांधणीनं मारलं,' असं ते म्हणायचे. ती खोली आज अंगणवाडीला आहे. आत जायला मला स्वतःला चार वर्षं लागली.

१९९५च्या उन्हाळ्यात त्या गेल्या. जाताना सिस्टर आप्पांना भेटायला आली. आप्पा ओट्यावर काठी घेऊन उभे. घरात चहा झाला होता. मी मनात म्हटलं, आज तरी. पण चहा तिला दिला, आप्पांनी स्वतः घेतला नाही, नंतर घेतो म्हणाले. ती जीपमध्ये बसली तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून धार लागली होती. दोन्ही खरं होतं. मी अजून त्यातलं एक काढून टाकू शकत नाही.

आप्पा जायच्या आदल्या वर्षी एकदा अंधार पडल्यावर आम्ही दोघंच बसलो होतो. काही विषय नसताना म्हणाले, 'त्या बाईला माझ्या मायचं नाव पाठ होतं.' पुढं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

आता काम सांगतो. तुझी लेक बदलून कोट्टायमला गेली म्हणालास. सिस्टर त्याच बाजूच्या. दर नाताळाला तिचं कार्ड यायचं, मराठीत दोन ओळी लिहिलेलं, २०११नंतर आलं नाही. शेवटच्या पाकिटावरचा पत्ता आणि तिचं नाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत जोडलंय. तिथल्या कॉन्व्हेंटमध्ये तुझ्या लेकीला चौकशी करायला सांग. असेल तर ऐंशीच्या पुढं असेल. सुताराच्या काकूनं आणि इतर बायकांनी मिळून एक वाकळ शिवलीय, जुन्या लुगड्यांची. दिवाळीत तू येशील तेव्हा ती घेऊन जा. पोस्टानं पाठवायला मन होत नाही.

ती भेटली तर मराठीतच बोलायला सांग, सावकाश बोललं की तिला सगळं कळतं. वहीचं काय झालं ते विचारायला सांग. आणि आप्पांचं विचारलं तर एवढंच कळव, की पाय शेवटपर्यंत शाबूत होता, दोनदा पायी पंढरपूरला जाऊन आले. गिलासाचं मी स्वतः येऊन बोलेन, उन्हाळ्यात, तब्येत साथ देईल तर.

काकूंना नमस्कार, वहिनींना नमस्कार.

तुझा,
मास्तर