अपिलाचे वय मूळ दाव्यापासून मोजा : केंद्रीय विधि व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय विधि व न्याय मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : उच्च न्यायालयांतील दिवाणी अपिलांचे वय मूळ दावा दाखल झाल्याच्या तारखेपासून मोजण्याबाबत

माननीय महोदय,

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो आणि मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठापुढे दिवाणी बाजूची वकिली करतो. घराची वाटणी, दुकानाचा ताबा, शेताची हद्द, देवस्थानच्या माफी (सारा माफ असलेल्या) जमिनीवरचा हक्क अशा वादांतली सामान्य माणसे माझ्याकडे येतात. ती ग्वाल्हेरची असतात, तशीच भिंड, मुरैना, शिवपुरी, गुना, दतियाचीही असतात. त्यांच्या वतीने आपल्याकडे एक मागणी करायची आहे. ती दिसायला कारकुनी वाटेल, पण उच्च न्यायालयात कोणाचे अपील आधी ऐकले जाते आणि कोणाचे पडून राहते, हे तिच्यावर अवलंबून आहे. उच्च न्यायालयात आलेल्या प्रत्येक दिवाणी अपिलाचे वय ते अपील दाखल झाल्याच्या दिवसापासून न मोजता, ज्या दाव्यातून ते निर्माण झाले तो दावा अगदी खालच्या न्यायालयात दाखल झाला त्या दिवसापासून मोजावे, आणि अंतिम सुनावणीची यादी त्याच वयाप्रमाणे लावावी, अशी ती मागणी आहे.

आज काय होते ते पाहावे. दावा खालच्या न्यायालयात एका क्रमांकाने नोंदला जातो. त्याचा निकाल लागून पहिले अपील झाले की नवा क्रमांक, नवे वर्ष आणि नवा सीएनआर (प्रकरणाचा संगणकीय ओळख क्रमांक) मिळतो, आणि दुसरे अपील उच्च न्यायालयात आले की पुन्हा सगळे नव्याने सुरू होते. राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर (न्यायालयांची आकडेवारी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर) उच्च न्यायालयातली प्रलंबित प्रकरणे वर्षांप्रमाणे दाखवली जातात, ती वर्षे त्या न्यायालयातल्या दाखल तारखेपासूनची असतात. समजा, दौलतगंजातल्या एका वाड्याच्या वाटणीचा दावा 1994 मध्ये दाखल झाला, 2005 मध्ये हुकूमनामा (दाव्याचा निर्णय) झाला, जिल्हा न्यायालयातले पहिले अपील 2012 मध्ये निकाली निघाले आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयात दुसरे अपील आले. नोंदवहीच्या दृष्टीने हे 2012 चे प्रकरण आहे. त्याच्या शेजारी 2011 चे एक दुसरे अपील आहे, ज्याचा मूळ दावा 2007 चा आहे. दाखल तारखेप्रमाणे यादी लावली तर 2011 चे अपील पुढे जाते, आणि ज्या कुटुंबाने 13 वर्षे अधिक वाट पाहिली ते त्याच्या मागे राहते. यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. मोजण्याची पद्धतच तशी आहे, आणि म्हणूनच ती बदलता येण्याजोगी आहे.

दुसरे अपील कसे चालते हे या पत्राच्या सर्वसामान्य वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 100 हे 1976 च्या दुरुस्तीपासून असे सांगते की दुसऱ्या अपिलात कायद्याचा सारभूत (महत्त्वाचा, निकालावर परिणाम करणारा) प्रश्न असलाच पाहिजे, अपीलकर्त्याने तो अपिलाच्या मेमोत (लेखी अर्जात) नेमकेपणाने मांडला पाहिजे, आणि न्यायालयाचे समाधान झाले तर त्याने तो प्रश्न शब्दबद्ध करून त्यावरच अपील ऐकले पाहिजे. आमच्याकडे त्यामुळे दोन याद्या असतात. पहिली मोशन हिअरिंगची, जिथे अपील दाखल करून घ्यायचे की नाही, स्थगिती द्यायची की नाही आणि किरकोळ अर्जांचे काय करायचे हे ठरते. दुसरी फायनल हिअरिंगची, जिथे खरा युक्तिवाद होतो. पहिल्या टप्प्यासाठी कायद्याने मुदत सुचवलेली आहे : संहितेच्या आदेश 41 च्या नियम 11-क नुसार ही प्राथमिक सुनावणी अपील दाखल झाल्यापासून साठ दिवसांत पुरी करण्याचा प्रयत्न करावा. दुसऱ्या टप्प्यासाठी मात्र संहितेत अशी कोणतीही मुदत नाही. प्रश्न शब्दबद्ध झाला, नोटिसा बजावल्या गेल्या, खालचे रेकॉर्ड येऊन पडले, की त्यानंतर ते अपील किती वर्षांनी ऐकले जावे याबद्दल संहिता काहीच सांगत नाही.

याचा परिणाम निकालांच्या आकड्यांत दिसत नाही, आणि हे मला विशेष गंभीर वाटते. मोशनच्या टप्प्यावर एका सुनावणीत फेटाळलेले नवे अपील आणि वीस वर्षांच्या रेकॉर्डवर दोन दिवस युक्तिवाद ऐकून निकाल दिलेले जुने अपील, दोन्ही ‘निकाली’ या रकान्यात एकेकच धरली जातात. त्यामुळे निकाली प्रकरणांची संख्या वर्षागणिक वाढत असतानाही सर्वांत जुने वाद जागचे हलत नाहीत, असे सहज होऊ शकते. संख्या वाढवण्याचा दबाव पहिल्याच सुनावणीवर पडू लागला तर त्याचा दुसराही तोटा आहे. संतोष हजारी विरुद्ध पुरुषोत्तम तिवारी या 2001 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा सारभूत प्रश्न कशाला म्हणावे हे समजावून सांगितले, आणि खालच्या निकालाशी नुसती सहमती दर्शवणे हे पहिल्या अपील न्यायालयाने आपले कर्तव्य टाळण्याचे साधन करू नये असेही बजावले. हा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी आमच्याच गुन्याचे, तिथल्याच बारमधून (वकीलवर्गातून) पुढे आलेले आणि नंतर देशाचे सरन्यायाधीश झालेले. दिवाणी अपिलाला घाई आणि दिरंगाई या दोन्हींपासून जपावे लागते हे त्यांच्या लिखाणातून आम्ही शिकलो.

फायनल हिअरिंगच्या यादीत अपील पडून असते तेव्हा ते निश्चल असते असे नाही. त्या काळात पक्षकार वारतात. मुदत कायद्याच्या अनुच्छेद 120 प्रमाणे मृत पक्षकाराचे वारस रेकॉर्डवर आणण्यासाठी नव्वद दिवस मिळतात. ते चुकले तर त्या पक्षकारापुरते अपील आपोआप संपते, आणि ते पुन्हा उभे करण्यासाठी अनुच्छेद 121 प्रमाणे आणखी साठ दिवसांत वेगळा अर्ज द्यावा लागतो, त्यालाही उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज. वाटणीच्या दाव्यात एका भावाच्या जागी पत्नी, तीन मुले आणि लग्न होऊन पुणे, इंदूर किंवा नागपूरला गेलेल्या दोन मुली येतात, त्या प्रत्येकाला नोटीस बजावायची असते, आणि त्यांच्यापैकी कोणी दिवंगत झाले की पुन्हा तेच. अशा अपिलाच्या फायलीत युक्तिवादाची पाने कमी आणि वारसांच्या अर्जांची पाने जास्त होतात. मोशनच्या यादीतला न्यायालयाचा केवढा तरी वेळ या अर्जांवर जातो. अपील वेळेत ऐकले असते तर ते अर्ज करण्याची पाळीच आली नसती.

लष्करात राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ग्वाल्हेर संस्थानावरच्या शिंदे घराण्याच्या राजवटीत इथे स्थायिक झालेल्या घराण्यांच्या वाड्यांचे, इनामांचे आणि देवस्थानांचे जुने कागद पुष्कळ ठिकाणी मोडी लिपीत आहेत. ते वाचू शकणारी, त्यांवरच्या सह्या आणि अक्षर ओळखणारी माणसे एकेक करून गेली. अशा कागदांवर उभा असलेला दावा दुसऱ्या अपिलात दहा-पंधरा वर्षे थांबला, आणि त्यानंतर एखादा मुद्दा खाली नीट ठरला नाही म्हणून प्रकरण आदेश 41 च्या नियम 23-क खाली फेरविचारासाठी परत पाठवले गेले, तर खालच्या न्यायालयाने साक्षीदार कुठून आणावेत? संहितेच्या कलम 103 प्रमाणे रेकॉर्डवरचा पुरावा पुरेसा असेल तर उच्च न्यायालय वस्तुस्थितीचा मुद्दा स्वतः ठरवू शकते. जुन्या प्रकरणांत या कलमाचा उपयोग अधिक मोकळेपणाने व्हावा असे मला मनापासून वाटते, परंतु रेकॉर्डच अपुरे असेल तिथे हे कलमही उपयोगी पडत नाही. पुराव्याची हानी होण्याआधी अपील ऐकणे एवढाच त्यावरचा उपाय आहे.

स्थगितीचेही असेच आहे. आदेश 41 चा नियम 5 स्पष्ट सांगतो की नुसते अपील दाखल केल्याने हुकूमनाम्याला स्थगिती मिळत नाही, तिच्यासाठी पुरेसे कारण दाखवावे लागते. पण एकदा दिलेली स्थगिती अपील पडून राहील तितकी वर्षे चालत राहते. मध्य प्रदेश स्थाननियंत्रण अधिनियम, 1961 खाली स्वतःच्या मुलाच्या धंद्यासाठी दुकान हवे म्हणून दावा जिंकलेल्या मालकाचा मुलगा अपिलाच्या निकालापर्यंत पन्नाशीला पोहोचतो, आणि मग समोरची बाजू ती गरजच आता उरली नाही असा युक्तिवाद करू लागते. आत्माराम प्रॉपर्टीज विरुद्ध फेडरल मोटर्स या 2004 च्या निकालात, जोही न्यायमूर्ती लाहोटींचाच, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ताब्याच्या हुकूमनाम्याला स्थगिती देताना भाडेकरूवर वाजवी रक्कम भरण्याची अट घालता येते, आणि ती जुन्या करारातल्या भाड्यापुरती मर्यादित असण्याचे कारण नाही. ही अट नेमाने घातली गेली तर अपील लांबवण्यातला फायदा बराच कमी होईल.

महोदय, संसदेला मुदत घालता येत नाही असे नाही. व्यापारी न्यायालये अधिनियम, 2015 च्या कलम 14 मध्ये व्यापारी वादातले अपील दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे लिहिले आहे, आणि 2018 च्या दुरुस्तीनंतर तीन लाख रुपयांचा व्यापारी वादही त्या कायद्यात येतो. तीन लाखांच्या मालाच्या बिलासाठी कायदा सहा महिन्यांचे उद्दिष्ट ठेवतो, आणि विधवा बाईच्या राहत्या घराच्या अपिलासाठी कोणतेच उद्दिष्ट ठेवत नाही. ‘प्रयत्न करावा’ या शब्दांनी सक्ती होत नाही हे मला ठाऊक आहे. तरीही ज्या अपिलासमोर कायद्याने एक मुदत लिहून ठेवली आहे, त्याच्याकडे रजिस्ट्रीही (न्यायालयाचे कार्यालयही) आणि वकीलही निराळ्या नजरेने पाहतात.

कॉज लिस्ट (सुनावणीच्या प्रकरणांची यादी) कशी लावायची हा मुख्य न्यायमूर्तींचा अधिकार आहे, त्यात मंत्रालयाने हात घालू नये, असे उत्तर मला मिळू शकेल. ते तत्त्व मलाही पूर्णपणे मान्य आहे आणि ते कोणी दुबळे करू नये अशीच माझी इच्छा आहे. पण मी मागतो आहे त्यातले पुष्कळसे आपल्या हातातले आहे. न्यायालयांच्या संगणकीकरणाच्या ई-कोर्ट्स प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2023 मध्ये 7,210 कोटी रुपये मंजूर केले, आणि तो प्रकल्प आपल्याच मंत्रालयाचा न्याय विभाग सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीबरोबर राबवतो. मूळ दाव्याच्या दाखल तारखेचा एक सक्तीचा रकाना प्रत्येक अपिलाच्या नोंदीत असावा, आणि डेटा ग्रिडवर ‘या न्यायालयातले वय’ व ‘वादाचे एकूण वय’ असे दोन्ही आकडे दिसावेत, एवढे ई-समितीपुढे मांडणे आपल्याला अवघड नाही. निकाली निघालेली अपिलेही वादाच्या एकूण वयाप्रमाणे वर्गवारी करून प्रसिद्ध व्हावीत, म्हणजे कोणत्या खंडपीठात जुने वाद खरोखर संपत आहेत हे लोकांना कळेल. व्यापारी न्यायालये अधिनियमाच्या कलम 14 च्या धर्तीवर दाखल करून घेतलेल्या दुसऱ्या अपिलासाठी एक मुदत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 42 मध्ये लिहिणे हे तर संसदेचेच काम आहे. उच्च न्यायालयांनाही संहितेच्या कलम 122 खाली आपल्यापुरते नियम बदलता येतात, फक्त कलम 126 प्रमाणे राज्य सरकारची पूर्वसंमती लागते.

न्यायाधीशांची कमतरता हे कारण पुढे केले जाईल आणि ते खरे आहे. मध्य प्रदेश उच्च न्यायालयात न्यायाधीशांची मंजूर पदे 53 आहेत, त्यांच्यापुढे जबलपूर, इंदूर आणि ग्वाल्हेर मिळून चार लाखांहून अधिक प्रकरणे आहेत, आणि जामिनाचे अर्ज व रिट याचिका यांना दिवाणी अपिलाच्या आधी वेळ द्यावा लागतो. रिकाम्या पदांच्या शिफारशींवर आपल्या मंत्रालयाने विलंब न लावता निर्णय घ्यावा, हेही या पत्राद्वारे आग्रहाने सांगतो. आमच्या बारचीही जबाबदारी आहे. फायनल हिअरिंगच्या दिवशी तारीख मागणारा वकील आपल्या पक्षकाराची आणि समोरच्याचीही हानी करतो. परंतु न्यायाधीश कमी असतात तेव्हा आधी कोणाचे ऐकायचे याचा क्रम अधिकच न्याय्य असावा लागतो, आणि तो क्रम सुधारण्यासाठी एकही नवे पद लागत नाही.

1948 ते 1956 या काळात मध्य भारत राज्याचे उच्च न्यायालय ग्वाल्हेरला होते, आणि जबलपूर मुख्यपीठ झाल्यावर 1968 मध्ये इथले खंडपीठ कायम करण्यात आले. दिवाणी कायद्याची जुनी परंपरा असलेल्या या ठिकाणी, मुख्य न्यायमूर्तींच्या संमतीने, वादाच्या एकूण वयाप्रमाणे दुसऱ्या अपिलांची यादी लावण्याचा प्रयोग एक वर्षासाठी करून पाहता येईल. त्यासाठी लागणारा संगणकीय बदल आणि खालच्या न्यायालयांतून मूळ तारखा नोंदवून घेण्यासाठीचे मनुष्यबळ ई-कोर्ट्सच्या निधीतून द्यावे, आणि तसा प्रस्ताव आपल्या विभागाने मध्य प्रदेश उच्च न्यायालयाकडे पाठवावा, अशी माझी आपल्याला विनंती आहे. प्रस्ताव पाठवणे शक्य नसेल तर कोणत्या कारणाने नाही, ते आपण लेखी कळवावे.

कळावे,

आपला,
ग्वाल्हेर खंडपीठापुढे काम करणारा एक दिवाणी वकील
लष्कर, ग्वाल्हेर