फ्रीजच होता, बाबा

हॅनोव्हर, रविवार रात्र

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

बाबा, आईच्या भैरवाच्या कॅसेटमध्ये मध्येच जी घरघर सुरू होते ना, ती टेपरेकॉर्डरच्या अर्थिंगची नाही. फ्रीजची आहे. काल मी नीट ऐकलं. आधी कॉम्प्रेसर लागल्याची ‘टक्’, मग घरघर, आणि सात-आठ मिनिटांनी पुन्हा एक ‘टक्’ होऊन सगळं शांत. अर्थिंगची असती तर पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत राहिली असती, हे तुम्हीच मला शिकवलंय. इतकी वर्षं तुम्ही त्या टेपरेकॉर्डरला बोल लावत आलात, अन् आई बिचारी पहिल्या दिवसापासून सांगत होती की फ्रीजचं बटण बंद करायचं राहिलं. आई, तुझंच खरं होतं.

आता हे कुठे अन् कसं ऐकलं ते सांगते. मागे फोनवर सांगितलं तेव्हा तुमचा समज झाला की हेडफोन विकण्याचं प्रदर्शन असतं. तसं नाही. इथले हेडफोनचे शौकीन अधूनमधून जमतात. शहराबाहेर एका चर्चच्या मागचा हॉल भाड्याने घेतात, टेबलं मांडतात आणि जो तो आपापल्या घरचे हेडफोन, अँप्लिफायर, वायरी घेऊन येतो. विकायला काहीच नसतं. आपण दुसऱ्याच्या खुर्चीत बसून त्याचं ऐकायचं, तो आपलं ऐकतो. काल वीसेक माणसं होती, पण वाचनालयात असते तशी शांतता. कारण यातले बरेचसे हेडफोन मागून उघडे असतात, नुसती जाळी. आतलं गाणं बाहेर येतं आणि बाहेरचं बोलणं आत जातं. म्हणून गप्पा बाहेरच्या खोलीत, कॉफी-केकबरोबर. मी संत्रा बर्फी नेली होती, अर्ध्या तासात डबा रिकामा. खाऊन झालं की हात धुऊन आत यायचं, आणि उठताना हेडफोनच्या गाद्या पुसून ठेवायच्या, एवढी शिस्त सगळे पाळतात.

बाबा, या गावाचं आणि आवाजाचं नातं जुनं आहे, तुम्हाला आवडेल म्हणून लिहिते. ग्रामोफोनवाला एमिल बर्लिनर इथलाच, १८५१ चा जन्म. सेनहायझर कंपनी १९४५ साली इथून जवळच, वेडेमार्क भागातल्या एका खेड्यात सुरू झाली. मागून उघडा हेडफोन त्यांनीच १९६८ मध्ये पहिल्यांदा बाजारात आणला. आणि सगळ्यात नवल वाटलं ते हे, की १९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं तेव्हा त्याच्या तबकड्या छापल्या गेल्या त्या या हॅनोव्हरमध्ये! १९०८ मध्ये कोलकात्यातच सियालदहला कारखाना निघेपर्यंत आपल्याकडचं गाणं बोटीने इथे यायचं आणि तबकडी होऊन परत जायचं. काल आईचा आवाज इथल्या एका हॉलमध्ये वाजत होता तेव्हा माझ्या मनात हेच घोळत होतं.

हॉलमध्ये शिरल्या शिरल्या मी पहिली कुठे गेले असेन? व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरकडे. तो तापलेल्या धुळीचा अन् वार्निशचा वास! सीताबर्डीच्या आपल्या दुकानात जुना रेडिओ दुरुस्तीला आला की पाच मिनिटांत हाच वास पसरायचा. डोळे मिटले असते तर स्टुलावर बसून रेझिस्टरचे रंग पाठ करायला लागले असते. तो अँप्लिफायर एका निवृत्त शिक्षकांनी स्वतः बांधलाय. त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मरच नाही, व्हॉल्व्हमधून कपॅसिटर आणि तिथून सरळ हेडफोन. मी म्हटलं, असं कसं चालेल? आमचे बाबा तर रेडिओत आधी तो ट्रान्सफॉर्मर तपासायचे. ते हसले आणि दोन हेडफोन पुढे ठेवले. एक सेनहायझरचा एचडी ६००, १९९७ पासूनचं मॉडेल, तीनशे ओहमचा. दुसरा बत्तीस ओहमचा. तीनशेवाल्यावर गाणं भरून आलं, गळ्याला वजन आलं. बत्तीसवाल्यावर तोच अँप्लिफायर अगदी फुगल्यासारखा, तबल्याचा डग्गा घुमतोय आणि बाकी सगळं त्याच्या मागे. तुम्हाला कारण सांगायला नको. व्हॉल्व्हचा स्वतःचा अडथळा जास्त, त्याला पुढेही तसाच मोठा भार लागतो. स्पीकर चार ओहमचा की आठचा हे बघितल्याशिवाय तुम्ही कधी वायर जोडू दिली नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

पण एक गोष्ट मात्र मला आधी ठाऊक नव्हती, आणि ती मी ईशानसाठी मुद्दाम लिहिते आहे, कारण दादा सांगत होता की त्याचं नवा अँप्लिफायर घ्यायचं चाललंय. दोन यंत्रांची तुलना करताना दोघांचा आवाज आधी मोजून सारखा करावा लागतो. किंचित मोठा असलेला आवाज कानाला ‘मोठा’ वाटतच नाही, ‘चांगला’ वाटतो. जास्त मोकळा, जास्त स्पष्ट. काल एका मुलीने दोन साधे ट्रान्झिस्टरचे अँप्लिफायर टेबलावर ठेवले होते, एकाची किंमत दुसऱ्याच्या सहापट. आधी मी तसंच ऐकलं आणि महागडा हातचा सोडवेना. मग तिने मीटर लावून दोघांचा आवाज सारखा केला, वर टॉवेल टाकला आणि म्हणाली, आता ओळख. बारा वेळा बदलून ऐकवलं, माझे सात बरोबर आले. म्हणजे नुसतं नाणं उडवलं असतं तरी एवढे आले असते. ईशानला सांगा, हेडफोन चांगला घे, त्याला पुरेल एवढा बिनखरखरीचा अँप्लिफायर घे आणि उरलेल्या पैशांत गाण्याला जा. हेडफोन बदलला की गाणं बदलतं, हे मात्र मी टॉवेलखालूनही ओळखेन. आणि हळू ऐक म्हणावं. ऐंशी डेसिबलला आठवड्याचे चाळीस तास, त्याहून जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आवाज जितका वाढवाल तितके तास झपाट्याने कमी होतात.

आई, आता तुझ्याबद्दल.

इथे प्रत्येकाचं एक ठरलेलं गाणं असतं. तेच सगळीकडे लावून बघतात, म्हणजे फरक कळतो. कोणाचं पियानोचं, कोणाचं ऑर्गनचं. मी तुझी कॅसेट फोनमध्ये घेऊन गेले होते. तीच, मे महिन्यात पहाटे पाचला भरलेली, कूलर बंद करून. मला ती पहाट लख्ख आठवते. महालातल्या आपल्या मधल्या खोलीत सगळे घामाने निथळतोय, बाबा हेडफोन लावून पाटावर बसलेत, आजी दारात उभी राहून विचारते आहे, “काय करून राहिले तुम्ही अंधारात?” अन् तू तोंडावर बोट ठेवतेस. मिरजेचा तो तंबोरा, काळी चारच्या पट्टीत लावलेला.

एकाकडे स्टॅक्सचा हेडफोन होता, जपानी. त्याची रीतच वेगळी आहे. कॉइल नाही, लोहचुंबक नाही. भोकं पाडलेल्या दोन पत्र्यांच्या मध्ये एक पडदा, आपल्या केसापेक्षा कितीतरी पातळ, आणि त्यावर ५८० व्होल्टचा दाब. त्याला अँप्लिफायरही वेगळाच लागतो. मी जरा भीतभीतच कानाला लावला. आणि तुझा तंबोरा सुरू झाला.

कसं सांगू तुला? चार तारा मला चार ठिकाणी ऐकू आल्या. पंचम छेडला, तो विरायच्या आत जोड, जोड विरायच्या आत खर्ज, आणि प्रत्येक तारेतून जवारीचे ते वरचे स्वर एकेक करून उलगडत, वर चढत जाताहेत. घोडीवर तारेखाली दोरा सरकवत तू बसायचीस, केसभर इकडे, केसभर तिकडे, आणि आम्ही कंटाळून जायचो. कसला शोध चाललाय ते तेव्हा कळलं नव्हतं, काल कळलं. तुझा कोमल रिषभ आला तेव्हा तो कुठे टेकला नाहीच, तंबोऱ्याच्या षड्जाला लागून हलत राहिला. ते आंदोलन मी हजारदा ऐकलंय, पण षड्जाला घासून जाताना जे कंप उठतात ते कधी ऐकले नव्हते. ज्यांचा हेडफोन होता त्यांना मी ऐकवलं. आधी त्यांना वाटलं गाणं सुरू व्हायचंय, नुसतं वाद्य जुळवणं चाललंय. मग दहा मिनिटं ते उठलेच नाहीत. तासाभरात तुझा तंबोरा पाच टेबलांवर फिरला. तारेचे इतके वरचे स्वर इतका वेळ टिकून राहतात, त्यामुळे हेडफोनमधली लबाडी त्यात लगेच उघडी पडते, असं त्या व्हॉल्व्हवाल्या शिक्षकांनी सांगितलं.

आणि इथेच एक गोष्ट लक्षात आली, जिच्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसले.

स्टॅक्सवर तारेचा नाद विरताना त्याच्या शेपटीला एक विचित्र आवाज येत होता. पाण्याखाली पाखरं किलबिलावीत तसा. एचडी ६०० आणि व्हॉल्व्हवर तो जवळपास झाकला जात होता, आणि घरी तर मला तो कधीच जाणवला नव्हता. मला वाटलं कॅसेट खराब झाली, पोटात गोळाच आला. पण तिथे एक बाई होत्या, त्यांचं अख्खं आयुष्य टेप संपादनात गेलेलं. त्यांनी दोन मिनिटं ऐकून सांगितलं, ही टेपची चूक नाही, टेपवरून उतरवताना केलेल्या सफाईची आहे. आठवतं, बाबा? आपण एका दुकानात कॅसेट दिली होती, त्यांनी “नॉइज काढून देतो” म्हणून एमपीथ्री करून दिलं, १२८ केबीपीएसचं, म्हणजे बरंच दाबून लहान केलेलं. टेपची सरसर काढता काढता त्यांनी तंबोऱ्याचे वरचे स्वरही खरवडून नेले. जे राहिले ते तुकड्या-तुकड्याने राहिले, तीच ती किलबिल. म्हणजे काल मी जे ऐकून भारावून गेले, ते आईच्या गाण्याचं उरलंसुरलं आहे. मूळ अजून कॅसेटमध्येच आहे.

तर बाबा, माझी विनंती आहे की ती कॅसेट पुन्हा उतरवायची, आणि तुमच्या हाताने. डेक आहेच. तुम्हाला मी काय शिकवणार, पण त्या बाईंनी सांगितलेलं लिहिते. कॅसेट लावायच्या आधी आतला दाबपट्टीवरचा फेल्टचा तुकडा जागेवर आहे ना बघा. जुन्या कॅसेटमध्ये त्याचा डिंक सुटतो. सुटला असेल तर दुसऱ्या कॅसेटचा काढून लावा. एकदा पुढे-मागे पूर्ण फिरवून घ्या. हेड आणि टेप ओढणारा कॅपस्टनचा दांडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आणि मग हेडशेजारचा तो स्प्रिंगवाला स्क्रू. ज्या टेपरेकॉर्डरवर भरलं तो आता नाही, त्याच्या हेडचा तिरपेपणा या डेकशी जुळणार नाही, आणि तो जुळला नाही तर वरचे सगळे स्वर जातात. दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोत ऐकत तो स्क्रू फिरवायचा आणि तंबोरा सगळ्यात उजळ वाटेल तिथे थांबायचं.

तुम्ही म्हणाल, वरचं मला आता कुठे ऐकू येतं. म्हणून ईशानला बोलवा. त्याचे कान सोळा वर्षांचे आहेत, तुमचा हात पन्नास वर्षांचा आहे. तुम्ही स्क्रू फिरवा, तो हेडफोन लावून सांगेल. पाव आट्यापेक्षा जास्त फिरवावा लागणार नाही. झालं की नेहमीसारखा आईच्या नेलपॉलिशचा एक थेंब त्यावर टाका. कॉम्प्युटरवर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ ठेवा आणि कसलीही सफाई करू नका. सरसर राहू दे. फ्रीजही राहू दे.

कॅसेट देवघराशेजारच्या कपाटात, खालच्या खणात, आईच्या वह्यांखाली आहे. दिवाळीत मी पाहिली होती. आई, तू त्या वेळी समोर बस, कारण तंबोरा कुठे बरोबर लागला हे दोघांनाही शेवटी तूच सांगशील.

आणि हे मार्च उजाडायच्या आत करा. एकदा कूलर लागले की ईशानला काही ऐकू यायचं नाही.

दादा-वहिनींना नमस्कार, ईशानला आशीर्वाद.

तुमची,
मनू