राखेचा काळा रंग समजावणाऱ्या मुद्रकांस जाहीर आभारपत्र

आदरणीय महोदय,

सादर नमस्कार विनंती विशेष.

लान्झारोटे या स्पेनच्या ज्वालामुखी बेटावरील मालवसिया द्राक्षांच्या वाइनचे लेबल छापून झाले. आपले आभार मी समक्ष मानले होतेच. तरीही लेबलाच्या कामात मुद्रकाचा वाटा किती मोठा असतो, हे इतरांनाही कळावे म्हणून हे जाहीर पत्र लिहीत आहे.

माझ्या पहिल्या आराखड्यात ज्वालामुखीचा सुळका, लाल लाव्हा आणि सोनेरी फॉइल होती. तो पाहून आपण एवढेच विचारलेत, "वेल आगीत वाढते की राखेत?" त्या प्रश्नामुळे मी पुन्हा अभ्यासाला बसलो. १७३० ते १७३६ या काळात चाललेल्या उद्रेकाने त्या बेटावरची सुपीक जमीन राखेखाली गाडली गेली. पुढे शेतकऱ्यांनी त्याच राखेत शंकूच्या आकाराचे खड्डे खणून वेलीची मुळे खालच्या मातीपर्यंत पोहोचवली आणि वाऱ्याला आडोसा म्हणून प्रत्येक खड्ड्याच्या कडेला दगडांची अर्धगोल भिंत रचली. पाऊस जेमतेम पडणाऱ्या त्या बेटावर ही राखच जमिनीतला ओलावा टिकवून धरते. लेबलावर डोंगर नको, खड्डा आणि भिंत हवी, हे मला तेव्हा उमगले.

काळ्या रंगासाठी मी चकचकीत कागदाचा हट्ट धरला होता. आपण मला भिंगातून दाखवलेत की साध्या, खरबरीत कागदाचे तंतू शाईचा पहिला थर शोषून घेतात आणि रंग करडा दिसतो. दुसरा थर दिल्यावर मात्र तो राखेसारखा खोल आणि मंद झाला. खोक्यात बाटल्या एकमेकींवर घासून शाई निघू नये म्हणून वर मॅट वार्निश देण्याची सूचनाही आपलीच. साच्याने कागदावर उठवलेला भिंतीचा आकार लेबल चिकटवणाऱ्या यंत्राच्या रुळाखाली दबून सपाट झाला, तेव्हा आपण बारीक रेषा काढून टाकायला लावल्यात आणि साचा अधिक खोल करून घेतलात. माझ्या मते सगळ्या कामातला हा सर्वांत मोलाचा निर्णय होता.

बर्फाच्या पाण्यात रात्रभर ठेवलेल्या बाटलीच्या लेबलाच्या कडा सकाळी सुटलेल्या दिसल्यावर, कोणी सांगितले नसतानाही, आपण ओल सोसणारा कागद आणि नवा गोंद घेऊन पुन्हा चाचणी केलीत. आता त्या अर्धगोलावरून अंगठा फिरवला की दगडांची रांग बोटाला लागते.

पहिल्या पेटीतली एक बाटली आपल्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे. ती घेऊन लवकरच भेटीस येतो.

आपला कृतज्ञ,
लेबलाचा रचनाकार