गांजा पकडल्याची बातमी येते, त्यातल्या भीतीची येत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकात गांजा पकडल्याची बातमी वरचेवर असते. किती किलो, किती लाखांचा, गाडी कुठली, आरोपी किती, सगळं असतं. तो ओढणाऱ्याच्या किंवा भांग पिणाऱ्याच्या डोक्यात काय होतं, एवढं मात्र मी कधी वाचलं नाही. म्हणून हे पत्र.

गेल्या महाशिवरात्रीला माझा भाचा मित्रांबरोबर भांगेची थंडाई प्यायला. तासभर काहीच होईना म्हणून दुसरा पेला घेतला. रात्री दहाला माझ्या खोलीत आला तेव्हा बनियन घामाने भिजलेलं, हात गार. म्हणाला, "मामा, खाली कोणतरी उभारलंय. मलाच बघालालेत." मी खिडकीतून पाहिलं. खाली भेळेची बंद गाडी आणि एक कुत्रं. तसं सांगितलं तर, तुम्हीपण त्यांना सामील आहात का, असं त्याने मलाच विचारलं. बहिणीने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. शेजारी हसले. मित्रांनी तर आधीच त्याचा व्हिडिओ काढला होता.

मी आयुष्यभर सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळेत विज्ञान शिकवलं, पण त्या रात्री मला धड काही सांगता येईना. नंतर वाचून काढलं.

गांजा आणि भांग एकाच झाडाचे, गांजा फुलांचा आणि भांग पानांची. दोन्हींत नशा आणणारं मुख्य द्रव्य टीएचसी. इस्रायलच्या राफाएल मेशुलम आणि येखिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये ते वेगळं काढून त्याची रचना सांगितली. मेंदूत ते ज्या जागांवर जाऊन बसतं, त्या जागा काही गांजासाठी केलेल्या नाहीत. शरीर स्वतःच त्या कुलपाची किल्ली तयार करतं. १९९२ मध्ये ती सापडली तेव्हा मेशुलम यांच्या प्रयोगशाळेने नाव ठेवलं आनंदामाइड, आपल्या संस्कृत 'आनंद'वरून. (शब्द आपला, शोध त्यांचा.) आनंदामाइड चिमूटभर, हवं तिथे, हवं तेव्हा तयार होतं आणि लगेच मोडून जातं. टीएचसी सगळीकडे एकदम शिरतं आणि तासन्‌तास हटत नाही. धोका ओळखणारा मेंदूतला बदामाएवढा भाग, अमिग्डाला, तिथेही या जागा आहेत. थोडक्या मात्रेत माणूस सैलावतो, मात्रा वाढली की तेच द्रव्य उलटं भीती वाढवतं.

आमच्या घरात चार माग होते. आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. कधी ती यंत्रणाच बिघडायची, मग धागा शाबूत असूनही माग थांबायचा आणि वडील न तुटलेला धागा शोधत बसायचे. भाचा त्या रात्री खिडकीशी तेच करत होता.

त्यात छातीची धडधड. टीएचसीने नाडीचे ठोके खरोखर वाढतात, ते काही मनाचे खेळ नसतात. पण घाबरलेला माणूस त्याचा अर्थ लावतो की आता आपण मरणार, आणि ठोके आणखी वाढतात.

धुराचा परिणाम काही मिनिटांत कळतो. पोटात गेलेल्या भांगेला अर्ध्यापासून दोन तास लागतात, आणि यकृतात टीएचसीचं जे रूपांतर होतं ते मेंदूत अधिक सहज शिरतं. दुसरा पेला नडतो तो असा. शिवाय गोळी केवढी, कुणी घोटली, त्यात किती काय, याला मापच नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गांजाच्या व्याख्येतून नुसतं पान वगळलं, म्हणून लोक भांगेला निरुपद्रवी समजतात. टीएचसी पानात कमी असतं, पण असतं.

मग सगळ्यांनाच असं का होत नाही? त्याच थंडाईवर बाकीची पोरं खिदळत होती. ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने २०१४ मध्ये १२१ जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना शिरेतून टीएचसी दिलं, काहींना औषध नसलेलं इंजेक्शन. टीएचसीवाल्यांपैकी निम्म्यांना लोक आपल्या वाइटावर आहेत असं वाटलं. दुसऱ्या गटात ३० टक्क्यांना. काहीच न देता ३० टक्के! चिंता, खिन्नता, स्वतःबद्दलचे वाईट विचार, आणि आवाज-रंग नेहमीपेक्षा वेगळे भासणं, या वाटेने संशय येतो असं त्यांना दिसलं. भाच्याचे दोन विषय राहिले होते आणि ते त्याने घरी सांगितलं नव्हतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणून आपल्याकडे हा विषय मिटवतात. म्हण अर्धी खरी आहे. उरलेला अर्धा राक्षस पेल्यात असतो.

त्या रात्री उपयोग झाला तो एवढाच : दिवा मंद केला, पाणी दिलं, त्याच्याशी वाद घातला नाही, आणि "हे भांगेमुळे होतंय, उतरेल" असं दर दहा मिनिटांनी सांगत पहाटेपर्यंत शेजारी बसलो. पण छातीत दुखत असेल, शुद्ध हरपत असेल, किंवा दुसऱ्या दिवशीही संशय जात नसेल, तर घरी बसू नये. घरात कुणाला मोठा मानसिक आजार असेल तर अशा पोराने या वाटेला जाऊच नये, तिथे धोका खूप मोठा आहे. बहीण दवाखान्यात न्यायला तयार नव्हती, "पोलीस केस होईल" म्हणून. १९८५ च्या त्याच अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४ अ मध्ये स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला काही अटींवर खटल्यातून सूट आहे, हे किती आईबापांना माहीत असेल?

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या वेळी किलो आणि लाखांची बातमी छापाल, तेव्हा खाली चार ओळींची चौकट द्यावी. मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६, दोन्ही क्रमांक मोफत आहेत. जागा कमी पडली तर आरोपींच्या फोटोचा आकार थोडा लहान करा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर